बीजाचा वाटा

१

माझा दिवस भांडणाने सुरू होतो आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. सकाळी पेपर उघडायचा, पहिल्या पानावरची सरकारी थाप शोधायची, त्या खात्याच्या साहेबाला फोन लावायचा आणि चहा गार होईपर्यंत त्याला सोडायचं नाही. बातमीदारीत माझे केस पांढरे झाले, पण ही सवय सुटली नाही. चंद्रपुरातले मित्र म्हणतात, गोपालभाऊ, तब्येतीला जपा. मी त्यांना सांगतो, राग हीच माझी तब्येत.

हा राग आमच्या रक्तातला. माझी धाकटी बहीण नीला भद्रावतीला राहते. नवरा आयुध निर्माणीत होता. तो गेल्यावर तिने कॉलनीबाहेर लहानसं घर बांधलं. तिची एकुलती एक मुलगी दिव्यानी. सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या एका संशोधन केंद्रात लागली. दर रविवारी मायलेकींचा फोन व्हायचा आणि दर रविवारी भांडण व्हायचं. स्वयंपाक, केस, लग्न, पगार, काहीही चालायचं. फोन आपटला की दोघींचा आठवडा बरा जायचा.

एप्रिल संपता संपता नीलाचा मला फोन आला. आवाज दबका होता.

"दादा, दिव्यानी भांडत नाई आता."

मी हसलो. म्हटलं, पोरीला अक्कल आली, पेढे वाट.

"तू हसू नको. मी म्हटलं, तुह्यासाठी पोरगा पाहून राह्यली. म्हणे, पाय ना आई. मी म्हटलं, टक्कल हाय त्याले. म्हणे, चालते ना आई. माही पोरगी अशी बोलन काय? घरी ये म्हटलं का 'येते ना' म्हणते, अन् येत नाई. तू जा अन् घरी घेऊन ये तिले."

मी गेलो. खरं सांगायचं तर भाचीइतकाच त्या केंद्राचाही मला राग होता.

२

गडचिरोलीहून आरमोरीच्या बाजूला जाणाऱ्या एसटीने कासारबोडीच्या फाट्यावर सोडलं. तिथून पायी. मोहाची झाडं संपली की तलाव लागतो आणि तलावाला लागून केंद्राची इमारत. दारावर पाटी: सागरी सूक्ष्मजीव सहजीवन अभ्यास केंद्र.

सागरी! ज्या गावाच्या दवाखान्याला डॉक्टर नाही, तिथे समुद्रातल्या जिवाणूंसाठी वातानुकूलित इमारत. किनाऱ्यावरच्या कुठल्याशा विद्यापीठाला मागास जिल्ह्यासाठीचा निधी खर्च करायचा होता, म्हणून समुद्रच इथे आणला. मिठाची पोती, मोठ्या टाक्या, त्यांत तयार केलेलं खारं पाणी आणि त्या पाण्यात बाहेरून आणलेले जीव. मी फाट्यापासूनच मथळा जुळवत आलो होतो.

दिव्यानी दारातच भेटली. चेहरा भरलेला, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेलेली. मी पाटीवरून सुरुवात केली, पोत्यांवर आलो, तिच्या विद्यापीठाच्या कुलगुरूंपर्यंत पोचलो. एरवी ती दुसऱ्या वाक्याला मला अडवते, तिसऱ्याला "मामा, तुले काही समजत नाई" म्हणते. या वेळी तिने सगळं ऐकून घेतलं. अगदी मनापासून, एखादं गाणं ऐकावं तसं.

"उद्याच्या गाडीने निघायचं," मी म्हणालो. "आई वाट पाहते आहे."

"येते ना मामा," ती म्हणाली. "तुम्ही थकून आले. पहिले पानी घ्या."

ती मला लहानपणापासून अरेतुरे करते. हे 'तुम्ही' कुठून आलं, हे विचारायचं राहून गेलं.

३

ती डोमाभाऊंकडे भाड्याच्या खोलीत राहायची. डोमाभाऊ म्हणजे गावच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष, ढिवर समाजातले, हाडाने लहान पण खांदे जाळं ओढून ओढून रुंद झालेले. त्यांची बायको कुंताबाई. मातीचं घर, शेणाने सारवलेलं, दारं बंद केली की भर दुपारीही आत थंडावा. मला पडवीतली खाट मिळाली.

कुंताबाईने माठातलं पाणी दिलं. पहिला घोट घेतला आणि थांबलो. पाणी खारट होतं. डोळ्यातलं पाणी ओठांवर आलं की लागतं तितकं.

मी विचारलं, मीठ पडलं काय बाई माठात?

"नाई जी. इथी असंच हाय पानी."

"आधीपासून?"

ती थोडा विचार करत उभी राहिली. "पहिले गोडं होतं," ती म्हणाली. "आता बरं हाय."

माझे कान टवकारले. केंद्राच्या टाक्या पाझरतात, खारं पाणी विहिरीत उतरतं, गाव मुकाट्याने पितं. मथळा आता पहिल्या पानाचा झाला. मी पिशवीतली रिकामी बाटली काढून माठातल्या पाण्याने भरली, बूच घट्ट लावलं, वर गावाचं नाव लिहिलं. नागपूरला तपासायला द्यायची.

मग मी घरोघरी फिरलो. बातमीदार आला की खेड्यात काय होतं ते मला पाठ आहे. रस्ता, रेशन, निराधार योजना, तलाठी. माणसं हाताला धरून ओढतात. इथे कोणी ओढलं नाही. रस्त्याचं विचारलं तर म्हणाले, चालते जी. रेशनचं विचारलं तर म्हणाले, भेटते जी. पाण्याचं विचारलं तर हसले आणि तांब्या पुढे केला. एका म्हातारीच्या छपराचे पत्रे वादळात उडाले होते. ती उघड्या छपराखाली सुपारी कातरत बसली होती. मी संतापून म्हणालो, पंचनामा झाला का? तिने माझ्याकडे पाहिलं, जसं तापाने बरळणाऱ्या पोराकडे पाहावं. मायेने.

अशी माणसं दबलेली असतात, हा माझा अनुभव. कोणीतरी दम दिलेला असतो. मी दम देणाऱ्याला शोधू लागलो.

४

दिव्यानीचं "येते ना" दुसऱ्या दिवशीही तेच होतं. सकाळी ऊन चढायच्या आत मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर गेलो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की संस्थेची माणसं मिळून जाळं ओढतात आणि मासोळी तिथेच वाटून घेतात.

वाटणीची रीत जुनी आहे आणि मला आवडते. माशांचे सारखे ढीग मांडायचे. एकाने ढिगांकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्याने एकेका ढिगावर बोट ठेवून विचारायचं, हा कोनाचा? पाठमोरा माणूस जे नाव घेईल त्याचा तो ढीग. न पाहता वाटलं की भांडण उरत नाही. शिवाय एक नियम: तळ्यात ज्याने बीज टाकलं, त्याचा एक वाटा वेगळा. बीज म्हणजे बोटभर पिल्लं; ती दुरून जपून आणावी लागतात, म्हणून आणणाऱ्याचा हक्क तळ्यावर राहतो.

त्या सकाळी डोमाभाऊ पाठ करून उभे होते आणि मंगरू नावाचा दाढीवाला माणूस बोट ठेवत होता.

"हा कोनाचा?"

"मंगरूचा."

"हा?"

"मंगरूच्या बीजाचा."

"हा?"

"कुंताचा."

"हा?"

"कुंताच्या बीजाचा."

असं शेवटपर्यंत. माणसांच्या दुप्पट ढीग. दिव्यानीचंही नाव आलं, दोनदा. तिने दोन्ही ढीग टोपलीत घेतले आणि वाटेला लागली. मला एकच मिळाला, पाहुण्याचा म्हणून.

दुप्पट वाटे म्हणजे बोगस सभासद, हे शेंबडं पोरही सांगेल. सगळे पांगल्यावर मी डोमाभाऊंना धरलं. दुसरा वाटा कोण खातो?

त्यांनी काहीच लपवलं नाही. पावसाळ्यानंतर केंद्रातल्या जीवांना फार पिल्लं झाली होती. ठेवायला जागा नाही म्हणून केंद्राच्या मॅडम ती औषध घालून मारणार होत्या. डोमाभाऊ तेव्हा तिथे माती टाकायच्या कामाला होते. त्यांनी बादली हातातून काढून घेतली. जिवंत बीज कोणी मारतं का? त्यांनी ती पिल्लं त्यांच्याच पाण्यासकट आणली, बादली तळ्यात टेकवून ठेवली, थोडं थोडं तळ्याचं पाणी मिसळत गेले, रोहूच्या पिल्लांना सवय लावतात तसं, आणि मग हलकेच सोडून दिली.

"समुद्रातली पिल्लं गोड्या पाण्यात?" मी म्हणालो. "त्याच दिवशी मेली असतील."

"मेली ना."

"मग वाटा कोणाचा घेता?"

"पिल्लं मेली भाऊ. बीज नाई मेलं." ते माझ्या अडाणीपणावर रागावले नाहीत. "ज्याच्या घरी बीज हाय, त्याच्या घरी वाटा जाते. ज्याचं त्याले द्या लागते ना."

घरी म्हणजे कोणाच्या, असं मी विचारलं. त्यांनी हात गळ्याखाली ठेवला. पत्ता विचारल्यावर आपल्या दाराकडे बोट करावं, इतक्या सहज.

मी तिरीमिरीत माझा ढीग उचलला आणि माशाचा काटा बोटात खोल गेला. कुंताबाईने माझा हात धरून पाळीवरून खाली नेला आणि बोट तळ्याच्या पाण्यात बराच वेळ धरून ठेवलं. बरं वाटलं.

५

केंद्राच्या प्रमुख रंजीता मॅडम. वय चाळिशीचं, आवाज वर्गात शिकवणाऱ्याचा. मी त्यांच्यासमोर टाक्यांचा पाझर, गावाचं पाणी, दुप्पट वाटे, सगळं एका दमात मांडलं आणि उत्तर मागितलं. त्या म्हणाल्या, आधी पाहून घ्या, मग लिहा.

आत सगळीकडे एकच आवाज होता. टाक्यांत हवा सोडणाऱ्या नळ्यांचा, बुडबुड्यांचा. दिव्यानीने एका टाकीवर लाल दिवा धरला. तळाच्या वाळूत अंगठ्याएवढा एक मऊ जीव बसला होता, पाय अंगाखाली घेऊन. कोकणात माकूल म्हणतात त्या जातीचा, पण इवलासा. त्याच्या पोटात एक पिशवी असते आणि तिच्यात जिवाणू राहतात. माकूल त्यांना खाऊ घालतं, ते माकुलाला उजेड देतात. पिल्लू जन्मतं तेव्हा पिशवी रिकामी असते. जिवाणू पाण्यातून येतात.

"आणि एकदा ते आत आले," मॅडम म्हणाल्या, "की यायची वाट पिल्लू स्वतःच मोडून टाकतं. पिशवीचा आकार बदलतो, आतली कातडी बदलते. ते आल्यावरच पिल्लाची वाढ पुरी होते."

मग त्यांनी मला खिडकी नसलेल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. बाहेर रणरणती दुपार होती. आत हात दिसेना. दिव्यानीने माझ्या हातात एक काचेची कुपी दिली. हलवा, म्हणाली. मी हलवली आणि पाणी निळं उजळलं. त्या उजेडाला ऊब नव्हती. माझ्या बोटांच्या फटींतून तो तिच्या हनुवटीवर पडला.

मॅडम अंधारातूनच सांगत होत्या. एकटा जिवाणू कधीच उजळत नाही. एकट्याला ते झेपत नाही. तो गप्प राहतो आणि आजूबाजूला आपल्यासारखे किती आहेत याची चव घेत राहतो. पुरेसे झाले की सगळे एकदम.

"पुरेसे म्हणजे किती?" मी विचारलं.

"ते त्यांना कळतं."

"आणि पिल्लाला हे सगळं नको असेल तर? त्याला कोणी विचारतं?"

दिव्यानी हसली. "मी म्हटलं होतं ना मॅडम, मामा हेच विचारतीन."

मॅडमने उत्तर दिलं. जिवाणू न दिलेली पिल्लंही त्या वेगळ्या टाकीत ठेवतात. जगतात तीही. "पण फार दचकतात," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी डोमाभाऊंच्या बादलीचा विषय काढला. मॅडमने मान डोलावली. नियमाप्रमाणे ती मोठी चूक होती, विद्यापीठाला त्याच दिवशी कळवायला हवं होतं. त्या लिहायला बसल्याही होत्या.

"मग?"

"मग डोमाभाऊंकडून जेवायला बोलावणं आलं," रंजीता मॅडम म्हणाल्या.

६

पुढचे काही दिवस मी कासारबोडीला राहिलो, कारण दिव्यानीला घेतल्याशिवाय जायचं नव्हतं. निदान मी स्वतःला तसं सांगत होतो.

बोट लवकर भरून आलं. काटा शिरला होता तिथे एक फिकट ठिपका राहिला, बाकी काही नाही. पोटातली जुनी जळजळ थांबली. जेवण साधं असायचं, माशाचं आंबट कालवण आणि भात, पण इतक्या चवीने मी कित्येक वर्षांत जेवलो नव्हतो. दुपारी कुंताबाई दारं लावून घ्यायची आणि घरभर थंड काळोख व्हायचा. मी खाटेवर पडायचो. उशीला कान टेकला की बुडबुड्यांचा आवाज यायचा. केंद्र तळ्याच्या पलीकडे, मध्ये मातीच्या जाड भिंती. आवाज इथवर येणं शक्य नव्हतं. मी उठून बसायचो, आवाज थांबायचा. कान टेकायचो, परत यायचा. दोन्ही कानांना सारखाच. कानात दडे बसले असतील, रक्तदाब असेल. साठीच्या माणसाचं शरीर म्हणजे जुनी एसटी, कुठून ना कुठून वाजणारच. मग तो आवाज ऐकतच मला छान झोप लागायची.

बातमी लिहायला बसलो. 'कासारबोडीतील पाणी खारट झाले आहे,' असं पहिलं वाक्य लिहिलं. पुढे 'ग्रामस्थांत संताप' लिहायचं म्हणून हात थांबला, कारण संताप नव्हता. 'ग्रामस्थ समाधानी आहेत' असं लिहिलं. वाचून पाहिलं. खरं होतं. खरी बातमी लिहिल्याचा आनंद झाला आणि मी वही मिटली.

त्याच दुपारी मला ती बाटली आठवली. नागपूरला पाठवायची राहिली होती. पिशवीतून काढली तर बाटली रिकामी. बूच नीट लावलेलं, बाहेरून मी लिहिलेलं गावाचं नाव, आत एक थेंब नाही. कोणीतरी पुरावा नष्ट केला! माझ्यातला जुना माणूस उठून उभा राहिला. मी पडवीत येऊन मोठ्याने विचारलं, माझ्या पिशवीला कोणी हात लावला?

कुंताबाई तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं.

"तुमीच तर पेले भाऊ. काल सकाळी. माठ भरलेला होता, पर तुमी थेच काढून पेले."

मी आठवून पाहिलं. पिशवीशी वाकलेला मी, फिरकीचं बूच, गळ्याखाली उतरणारं कोमट पाणी. आठवत होतं. भीती वाटायला हवी होती आणि मी तिची वाट पाहत पडवीत उभा राहिलो, फाट्यावर एसटीची वाट पाहावी तसा. ती आली नाही. मग मी कुंताबाईशेजारी बसलो आणि तांदळातले खडे काढू लागलो.

संध्याकाळी नीलाचा फोन आला. कधी आणतो पोरीला? मी म्हटलं, आणतो ना.

मग ती म्हणाली, "दादा, मले एक शिवी दे."

मी हसून फोन ठेवला.

७

मे महिन्यातली ती दुपार. ऊन इतकं की तळ्याच्या पाळीवरचं कुत्रंही पाण्यात बसलेलं. संस्थेची बैठक होती. विषय साधा: कोणी बाहेरगावी जाणार असेल तर त्याचा आणि बीजाचा वाटा कसा द्यायचा. दिव्यानी म्हणाली, मामा, तुम्हीही चला.

संस्थेची खोली म्हणजे विटांच्या चार भिंती आणि टिनाचं छप्पर. खिडक्यांना पोती ठोकलेली. माणसं भिंतींना पाठ लावून बसली होती, बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला. रंजीता मॅडमही होत्या. कूलर घरघरत होता. मी सवयीने दारापाशी उभा राहिलो. बैठकीत बातमीदाराने दारापाशीच राहावं, म्हणजे आधी निघता येतं.

वीज गेली. कूलर रडत रडत थांबला. कोणीतरी माझ्या मागून दार लोटलं आणि खोली पुरती काळी झाली.

वीज गेली की माणसं बोलतात. लाइनमनला शिव्या घालतात, वारा घालायला पुठ्ठा शोधतात. इथे कोणी हललं नाही. टिन तापून कडकड वाजत होतं. त्याखाली दुसरा एक आवाज होता, बारीक बुडबुड्यांचा, खोलीभर. मी कान कशालाही टेकलेला नव्हता.

"बसा ना मामा," दिव्यानी म्हणाली.

"काऊन बसले सगळे असे?" मी विचारलं. माझ्या आवाजात अजून थोडी धार होती. ती शेवटची, हे मला तेव्हा कळलं नाही.

"कमी पडून राह्यलो होतो," अंधारातून डोमाभाऊ बोलले. "एकाची गरज होती. बसा भाऊ. थकले तुमी."

खरंच थकलो होतो. किती वर्षांचा, कोणास ठाऊक. मी भिंत चाचपली. दोघांनी सरकून जागा केली. मी मांडी घातली, पाठ भिंतीला लावली, एका बाजूला मंगरूचा खांदा, दुसऱ्या बाजूला भाचीचा.

मग उजेड झाला.

माझी बुद्धी शेवटपर्यंत इमानी होती. ती म्हणाली, मोबाइलचे पडदे. ती म्हणाली, टिनाच्या भोकांतून आलेलं ऊन. पण ऊन निळं नसतं आणि मोबाइल कोणी तोंडात धरत नाही. समोर डोमाभाऊ काही बोलायला तोंड उघडत होते आणि त्यांचे दात मागून उजळले होते. कुंताबाईच्या गळ्यावरची मण्यांची पोत काळ्या ठिपक्यांसारखी उठून दिसत होती, कारण उजेड पोतीच्या पलीकडून येत होता. भिंतीवर कोणाचीच सावली नव्हती. मी माझ्या हातांकडे पाहिलं नाही. दिव्यानीने पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की तिच्या जन्मानंतर मी तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हाचा नीलाचा चेहरा मला आठवला.

कूलर घरघरला. वीज आली होती. बैठक पुढे सुरू झाली. बाहेरगावी जाणाऱ्याचा वाटा वाळवून ठेवावा, असं ठरलं.

८

दुसऱ्या दिवशी दिव्यानी स्वतःच म्हणाली, मामा, आता जाऊ. आई वाट पाहत असेल.

आम्ही निघालो. फाट्यापर्यंत सोडायला निम्मं गाव आलं. गडचिरोलीला गाडी बदलली, चंद्रपूरला बदलली. कंडक्टरने उरलेले पैसे परत दिले नाहीत. मी त्याच्याकडे पाहून हसलो आणि तोही बिचारा गोंधळून हसला. शेजारी एक बाई कडेवरचं रडकं बाळ घेऊन उभी होती. दिव्यानीने तिला जागा दिली, बाळाला आपल्या बाटलीतलं घोटभर पाणी दिलं. बाळ गप्प झालं आणि भद्रावतीपर्यंत आमच्याकडे टक लावून पाहत राहिलं.

भद्रावतीला उतरलो तेव्हा दुपार भरात होती. रस्त्यावरचं डांबर चपलेला धरत होतं. नीलाचं दार बंद. मी कडी वाजवली.

"कोन?"

"आणली बघ तुझी पोरगी," मी म्हणालो. बोललो ते खरं करणारा मी माणूस. मला फार बरं वाटत होतं.

दार फटीएवढं उघडलं. नीलाने आधी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत लेकीकडे. दिव्यानी म्हणाली, "आई, आली ना मी." नीलाचा हात दाराच्या काठावर होता. तो पांढरा पडेपर्यंत तिने काठ धरून ठेवला.

"भांड," ती लेकीला म्हणाली. "एकडाव भांड माह्यासंगं. मंग आत ये."

दिव्यानीने विचार केला. खरोखर प्रयत्न केला तिने. मी शेजारी उभा राहून तिला मनातल्या मनात शब्द सुचवून पाहिले, पण मलाही आठवेनात.

"कशाले भांडू आई," ती शेवटी प्रेमाने म्हणाली. "तू म्हणशीन तसं."

दार लागलं. आतून कडी बसल्याचा आवाज आला, मग काहीतरी जड ओढून दाराला लावल्याचा. दाराला पाठ लावून ती खाली बसली असावी, कारण हुंदके दाराच्या खालच्या अंगाने येत होते.

आम्ही रागावलो नाही. पायरीवर बसलो. सावली नव्हती, झळा लागत होत्या, दिव्यानीचे गाल लाल झाले होते. ती अधूनमधून दाराला सांगत होती, आई, आम्ही इथंच आहोत. घाई कोणालाच नव्हती. नीला माझी बहीण आहे, मी तिला ओळखतो. ती जगाशी भांडेल, पण लेकीला भर उन्हात तहानलेली ठेवणं तिला जमायचं नाही.

बराच वेळ गेला. हुंदके थांबले. मग आत माठावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला आणि तांब्या पाण्यात बुडाला.

दाराला लावलेलं जड काहीतरी हळूहळू मागे सरकू लागलं.